रमी गेली, आता लढत डोक्याची: पोकेमॉनमध्ये बचावाची टीम कशी बांधायची?

जुलै २०२५ मधली लातूरची ती पत्रकार परिषद आठवते का? त्या वेळचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसून मोबाइलवर रमी खेळत होते, असा आरोप एका व्हिडिओवरून झाला होता. कोकाटेंनी तो फेटाळला. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेलं काढून टाकत होतो, असं त्यांचं म्हणणं. त्याच सुमारास सुनील तटकरे लातूरला आले. छावा संघटनेचे कार्यकर्ते त्यांच्यासमोर गेले आणि निषेध म्हणून टेबलावर पत्ते उधळले. मग त्या कार्यकर्त्यांना मारहाण झाली आणि राज्यभर गदारोळ उठला. महिनाअखेरीस कोकाटेंकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. गंमत बघा, पत्त्यांवरून सुरू झालेलं प्रकरण क्रीडा खात्यावर येऊन थांबलं!

पुढच्याच महिन्यात संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. २० ऑगस्टला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. या कायद्यातली एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या आशेनं खेळला जाणारा गेम बंद, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. 'रमी हा कौशल्याचा खेळ आहे' हा इतक्या वर्षांचा युक्तिवाद इथंच संपला. दुसऱ्या बाजूला ई-स्पोर्ट्सला पहिल्यांदा कायद्यात वेगळी जागा मिळाली. आता प्रश्न स्पर्धेत कौशल्य किती हा नाही, पैसा कुठून येतो आणि कुठं जातो हा आहे.

हे सगळं मला माझ्या भाच्यामुळं नीट वाचावं लागलं. तो लातूरला हॉस्टेलवर राहून नीटची तयारी करतोय, घर नांदेडला. त्याच्या रूममधल्या एका मुलानं मेसचे पैसे असल्याच एका ॲपमध्ये घालवले होते. कायदा आल्यावर ते ॲप बंद पडलं, पण सवय काही बंद पडली नाही. रात्री साडेदहाला पुस्तक मिटल्यावर अर्धा तास काहीतरी हवंच असतं. त्या मुलांनी शोधून काढलं पोकेमॉन शोडाउन, आणि एका रविवारी भाच्याचा फोन आला, ''मामा, मी सलग नऊ मॅच हरलोय. सगळे अटॅकवालेच घेतलेत तरी हरतोय. काय चुकतंय?''

चुकत काय होतं ते सांगतो. पण आधी हा गेम इथल्या पोरांना का परवडतो ते बघू.

फोन साधा, नेट साधं, तरी चालतं

बीजीएमआयसारख्या शूटिंग गेममध्ये कौशल्य लागतंच, पण त्याच्या आधी फोन लागतो. रॅम कमी, फोन तापला, नेट अडकलं की तुमचं कौशल्य कामाचं राहत नाही. पोकेमॉनची लढत टर्न-बेस्ड आहे, बुद्धिबळासारखी. दोघंही आपापली चाल निवडतात, मग एकदम निकाल दिसतो. तुमचं नेट अर्धा सेकंद मागं असलं तरी काही फरक पडत नाही. शोडाउन हा चाहत्यांनी बनवलेला सिम्युलेटर आहे, २०११ पासून चालू आहे, ब्राउझरमध्ये उघडतो आणि फुकट आहे. पोकेमॉन पकडत बसायचं नाही. हवा तो घ्या, चाली निवडा, लढा. कंपनीचा अधिकृत गेम खेळायचा तर निन्टेन्डो स्विच लागतो आणि तो आपल्याकडं बहुतेक आयात होऊनच येतो. नांदेडच्या मोबाइल शॉपीत जाऊन 'स्विच द्या' म्हटलं तर इलेक्ट्रिकचं बटण दाखवतील!

कायद्याच्या बाजूनंही हे सरळ आहे. शोडाउनवर रँक मिळते, पैसा नाही. फक्त एक गोष्ट टाळा. हॉस्टेलात पन्नास-पन्नास रुपये गोळा करून 'जिंकेल त्याला सगळे' असं केलं, तर गेम कितीही डोक्याचा असला तरी तुम्ही मनी गेमच्या व्याख्येकडं चालला आहात. ई-स्पोर्ट्समध्ये प्रवेश फी आणि बक्षीस चालतं, पण ते मान्यताप्राप्त स्पर्धेत.

खो-खोमधली पळती

नवा खेळाडू सहा जोरदार अटॅकर घेतो. भाच्यानंही तेच केलं. पण तुमच्याहून वेगवान एकच पोकेमॉन समोर आला की तुमचे सहाही एकेक करून पडतात, कारण मार झेलायला कुणी नसतो.

बचावाची टीम, जिला या खेळात 'स्टॉल' म्हणतात, ती वेगळ्या विचारावर उभी असते. खो-खो आठवा. पळतीची बाजू कुणाला बाद करत नाही. तीन-तीनची तुकडी मैदानात येते आणि वेळ काढते. समोरच्याची दमछाक हीच तिची कमाई. स्टॉलही असाच. समोरचा मारतो, तुम्ही त्या माराला सोसणारा पोकेमॉन आत आणता, जखम भरून घेता, आणि समोरच्याचं रक्त थेंबाथेंबानं गळत राहील अशी व्यवस्था करून ठेवता. विष चढवायचं, मैदानावर टोकदार दगड आणि काटे पसरायचे. विष म्हणजे टॉक्सिक, ते दर टर्नला वाढतं: पहिल्यांदा एक सोळांश, मग दोन, मग तीन. पाच टर्नमध्ये सोळापैकी पंधरा भाग संपतात, सहाव्याला खेळ खल्लास. स्टेल्थ रॉक हे दगड समोरचा पोकेमॉन मैदानात येताच लागतात. साधारणतः साडेबारा टक्के रक्त जातं, चरीझार्डसारख्याचं तर आल्या आल्या निम्मं.

बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटतं. समोरच्याला तर रागच येतो, चॅटमध्ये शिव्या पडतात. पण खेळणाऱ्यासाठी हा सतत चाललेला हिशोब असतो.

३३ टक्क्यांचा नियम

भाच्याला मी पहिल्यांदा हेच सांगितलं की पोकेमॉनची नावं नंतर, आधी आकडे.

बहुतेक बरं करणाऱ्या चाली (रिकव्हर, रूस्ट, सॉफ्ट-बॉइल्ड) एका वेळी ५० टक्के रक्त भरून देतात. म्हणजे समोरचा एका वारात ५० टक्क्यांपेक्षा कमी काढत असेल तर आपण टिकणार, असं वाटतं. इथंच नवखे फसतात. प्रत्येक वाराला २४ मध्ये एक अशी क्रिटिकल लागण्याची शक्यता असते आणि क्रिटिकल लागला की नुकसान दीडपट. २४ मध्ये एक म्हणजे किरकोळ वाटतं ना? पण तुम्ही बचाव खेळताय, म्हणजे मॅच लांबणार. २४ वार झेललेत तर किमान एक क्रिटिकल बसण्याची शक्यता ६४ टक्के होते. अटॅकवाल्याची मॅच पंधरा टर्नमध्ये संपते, त्याला याची फिकीर नसते. तुम्हाला मात्र वाईट नशीब गृहीत धरूनच टीम बांधावी लागते.

म्हणून ५० चं नाही, ३३ चं गणित धरा. तेहतीसची दीडपट साडेएकोणपन्नास. नेहमीचा वार ३३ टक्क्यांच्या आत बसत असेल तर क्रिटिकल लागला तरी एका रिकव्हरमध्ये भरून निघतो. चाळीस टक्के बसत असेल तर तो पोकेमॉन त्या हल्ल्यापुढची भिंत नाही, तात्पुरता अडसर आहे. हे आकडे तोंडी काढायची गरज नाही, ऑनलाइन डॅमेज कॅल्क्युलेटर फुकट मिळतात.

दुसरा हिशोब पीपीचा, म्हणजे एखादी चाल किती वेळा वापरता येईल त्याचा. २०२२ च्या स्कार्लेट-व्हायोलेटपासून, म्हणजे नवव्या पिढीत, कंपनीनं रिकव्हर, रूस्ट वगैरेंचा कोटा निम्म्यावर आणला. आधी जास्तीत जास्त १६ वेळा वापरता यायच्या, आता ८. पाणी कमी असताना कसं पुरवायचं हे लातूरकरांना शिकवायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हा प्रत्येक घागरीचा हिशोब घरात होत होता. इथं आठ घागरी आहेत.

उदाहरण घ्या. समोरच्याकडं अर्थक्वेक आहे, १६ वेळा वापरता येतं. दर वेळी तुमचं ३० टक्के काढतं. सोळा वेळा म्हणजे ४८० टक्के. तुमच्याकडं सुरुवातीचे १००, आठ रिकव्हरचे ४००, आणि लेफ्टओव्हर्स हे आयटम हातात असेल तर दर टर्नला सव्वासहा टक्के, १६ टर्नचे १००. एकूण ६००. तुम्ही टिकलात, आणि सोळापैकी आठ टर्न दुसरं काही करायला मोकळेही मिळाले. आता तोच वार ४० टक्क्यांचा धरा: ६४०. संपलं. दहा टक्क्यांच्या फरकानं पूर्ण निकाल फिरतो. प्रत्यक्षात इतकं सरळ होत नाही, दोघंही मध्ये पोकेमॉन बदलत राहतात, पण टीम बांधताना कागदावर हा जमाखर्च मांडायचाच. आधीच्या पिढ्यांमध्ये खर्चाकडं न बघताही चालायचं, त्या वेळचे यूट्यूब व्हिडिओ बघून आज टीम बांधू नका.

सहा जण कोण?

एकटा कुणीच सगळं झेलू शकत नाही. फिजिकल हल्ले आणि स्पेशल हल्ले वेगळे, त्यामुळं भिंतीही वेगळ्या.

ब्लिसी ही स्पेशल बाजूची भिंत. तिचा बेस एचपी २५५, या खेळात सर्वाधिक. स्पेशल वार तिच्यापुढं फुसके. पण तिचा साधा डिफेन्स फक्त १०. एखाद्या फायटिंग टाइपच्या ठोशात ती आडवी होते.

म्हणून तिच्या जोडीला स्कार्मरी, पोलादी पक्षी, डिफेन्स १४०. ब्लिसी आणि स्कार्मरी ही जोडी गोल्ड-सिल्व्हरच्या काळापासून, म्हणजे १९९९ पासून स्टॉल खेळणाऱ्यांची लाडकी आहे, आणि कारण साधं आहे: एकीचं मरण ते दुसऱ्याचं जेवण. स्कार्मरीला जमिनीचा वार लागतच नाही, आणि काटे पसरायचं कामही तोच करतो.

पण या दोघांची एक अडचण आहे. समोरचा स्वॉर्ड्स डान्ससारखी चाल करून आपली ताकद दुप्पट करून घेतो, आणि मग ३३ टक्क्यांचा वार ६६ चा होतो. यावर उपाय डोंडोझो, तो अजस्र मासा. त्याची अनअवेअर ही क्षमता समोरच्यानं वाढवलेली ताकद मोजतच नाही. समोरचा चार टर्न नाचला तरी डोंडोझोला वार पहिल्याइतकाच.

ग्लायस्कोर माझा आवडता. त्याच्या हातात टॉक्सिक ऑर्ब द्यायचा, म्हणजे त्याला स्वतःलाच विष चढतं. पण त्याच्या पॉयझन हील क्षमतेमुळं विषानं रक्त जायच्या ऐवजी दर टर्नला एक अष्टमांश भरतं. शिवाय एकदा विष चढलेलं असलं की त्याला दुसरं कुणी भाजू शकत नाही, झोपवू शकत नाही. काट्यानं काटा काढणं म्हणतात ते हेच!

टॉक्सापेक्सची रीजनरेटर ही क्षमता म्हणजे मैदानाबाहेर गेला की एक तृतीयांश रक्त आपोआप भरतं. पीपी खर्चच होत नाही. आठ घागरींच्या जमान्यात अशा खेळाडूची किंमत वाढलीय.

आता हे पाच जुळतात का ते बघायचं. विजेचा वार डोंडोझो, स्कार्मरी, टॉक्सापेक्स तिघांनाही जड, पण ग्लायस्कोरला लागतच नाही. आगीचा स्कार्मरीला जड, तो मासा आणि टॉक्सापेक्स झेलतात. बर्फाचा वार ग्लायस्कोरला चौपट, तिथंही हेच दोघं पुढं. फायटिंगचा ब्लिसीला घातक, टॉक्सापेक्स आणि ग्लायस्कोर दोघंही तो पचवतात. प्रत्येक प्रश्नाला टीममध्ये किमान एक उत्तर हवं, आणि शक्यतो दोन.

सहावा? तो पहिल्या दिवशी ठरवूच नका. पाच जण कायम ठेवून वीस मॅच खेळा, हराल त्या लिहून ठेवा. वहीत तीन-चार वेळा एकच नाव येईल, सहावा त्याच्यासाठी.

भाच्याच्या वहीत नाव आलं गॉल्डेंगो. हा सोन्याच्या नाण्यांचा पोकेमॉन स्टॉलवाल्यांची डोकेदुखी आहे, कारण त्याच्यावर कुठलीही स्टेटस चाल चालत नाही. विष नाही, लकवा नाही. मैदानावरचे काटे साफ करायची डीफॉग ही चालही त्याच्यासमोर फसते. तो नॅस्टी प्लॉट करून ताकद दुप्पट करतो आणि ब्लिसीसुद्धा डगमगते. सहाव्या जागी आम्ही क्लॉडसायर घेतला: चिखलातला सुस्त प्राणी, पण अनअवेअर असल्यामुळं नॅस्टी प्लॉट वाया, आणि त्याचं अर्थक्वेक गॉल्डेंगोला दुप्पट लागतं. पुढच्या गॉल्डेंगोवाल्यानं एअर बलून आणला. फुगा हातात असेपर्यंत जमिनीचा वार लागत नाही! मग आधी दुसऱ्या कुठल्याही वारानं फुगा फोडायचा आणि नंतर अर्थक्वेक. हे असं चालत राहतं.

टीम कुठं फुटते

टॉन्ट नावाची चाल तीन टर्न तुम्हाला बरंच होऊ देत नाही. नॉक ऑफ तुमचं आयटम उडवते, आणि लेफ्टओव्हर्स गेलं की वरच्या हिशोबातले १०० टक्के गेले. मॅग्नेझोन पोलादी पोकेमॉनला मैदानातून बाहेरच पडू देत नाही, म्हणजे स्कार्मरी अडकला की मेला. ट्रिकनं समोरचा त्याचं चॉइस आयटम ब्लिसीच्या गळ्यात मारतो आणि ती एकाच चालीत बांधली जाते. या चारांपैकी एकही समोर दिसला तर पहिल्या टर्नपासून त्याच्या मालकालाच लक्ष्य करा. बाकी सगळं नंतर.

आणखी एक गोष्ट स्पष्ट आहे. बनवणाऱ्यांना लांबणाऱ्या मॅच नको आहेत. रिकव्हरचा कोटा निम्मा झाला. सातव्या पिढीपर्यंत जवळपास प्रत्येकाला शिकवता येणारं टॉक्सिक आता मोजक्यांकडं राहिलं. गॉल्डेंगो याच पिढीत आला. प्रेक्षकांना दाखवायच्या स्पर्धेत दोनशे टर्नची मॅच कोण बघणार? माझ्या मते हा व्यवसायाचा निर्णय आहे, खेळाच्या समतोलाचा नाही. पण निर्णय झालाय, आणि आपण त्याच्या आत खेळायचंय.

अधिकृत स्पर्धेत हे जसंच्या तसं चालत नाही

शोडाउनवरचा लोकप्रिय प्रकार एकास एक, सहाविरुद्ध सहा. कंपनीच्या अधिकृत व्हिडिओ गेम स्पर्धा डबल्सच्या असतात: दोनास दोन, सहातले चारच न्यायचे. आणि घड्याळ असतं. एका गेमला एकूण २० मिनिटं, प्रत्येक खेळाडूला विचाराला ७, एका चालीला ४५ सेकंद. वेळ संपली तर ज्याचे जास्त पोकेमॉन शिल्लक तो जिंकला, बरोबरी असेल तर उरलेलं रक्त बघतात. ब्लिसी-स्कार्मरीची वाट बघणारी पद्धत इथं उपयोगाची नाही, एका वेळी दोघं मिळून एकालाच मारतात. तिथला बचाव म्हणजे समोरच्याची ताकद घटवणं, वार स्वतःकडं ओढून जोडीदाराला वाचवणं, एक टर्न वाया घालवणं. पण ३३ टक्क्यांचा विचार आणि 'कुणाचा वार कोण झेलणार' हा तक्ता तिथंही लागतोच.

हे आत्ताच सांगायचं कारण पोकेमॉन चॅम्पियन्स. फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झालेला हा गेम फक्त लढतींचा आहे आणि तो स्विचबरोबर मोबाइलसाठीही जाहीर झाला. तो साध्या अँड्रॉइड फोनवर नीट चालला तर स्विच न घेता अधिकृत लढतीत उतरायची वाट नांदेडच्या मुलालाही मिळेल. चालींचे आकडे त्यात बदलू शकतात, त्यामुळं आजची टीम पाठ करून ठेवू नका, हिशोबाची पद्धत ठेवा. पोकेमॉन युनाइट हा वेगळा, पाच-पाच जणांचा मोबाइल गेम आहे आणि २०२६ च्या आइची-नागोया आशियाई स्पर्धेच्या ई-स्पोर्ट्स यादीत आहे. पण त्यात वेग लागतो, फोनही चांगला लागतो.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि लातूरच्या हॉस्टेलात तोच सगळ्यात महागडा. अटॅकच्या टीमची मॅच दहा मिनिटांत आटोपते. स्टॉलची चाळीस मिनिटं सहज जाते, समोरही स्टॉल असेल तर तासभर. मध्येच सोडली तर हार. म्हणून भाच्याशी असं ठरलंय की सोमवार ते शनिवार अटॅकची टीम, एक मॅच, फोन बंद. स्टॉल फक्त रविवारी, टेस्ट झाल्यावर. गेल्या रविवारी त्याचा मेसेज आला, ''मामा, ११२ टर्न. समोरचा कंटाळून निघून गेला. रिकव्हर एकच उरलं होतं.'' आणि खाली वहीचा फोटो: नवीन नाव, मॅग्नेझोन.